लाभापासून मोजलेलं झाकण

सोमाटण्याच्या कोंडाजी मुऱ्ह्यांच्या घरात 'एक' हा आकडा कुणी उच्चारत नसे. कोंडाजी तळेगावच्या बाजारातला मापारी. शेतकऱ्यानं भाताची रास घातली आणि व्यापाऱ्यानं पोत्याचं तोंड उघडलं, की दोघांच्या मधे कोंडाजी पायली घेऊन बसायचा आणि पहिलं माप पोत्यात रिचवताना सूर लावायचा, "लाऽभ!" त्यापुढे दोन, तीन, चार, सगळं जगासारखं. पण पहिल्या मापाला 'एक' म्हटलं तर धान्याची बरकत जाते, म्हणून तिथे लाभ. मोजणी चालू असताना मधे कुणी बोललं, शिंकलं, चिमूटभर तंबाखू मागितली, की कोंडाजी पोतं उपडं करून पुन्हा लाभापासून सुरू करायचा, आणि बोलणाऱ्याकडे असा बघायचा की पुढच्या बाजाराला तो माणूस लांबूनच रामराम घालायचा.

दुसरी गोष्ट शिगेची. पायली काठोकाठ भरली की माप झालं असं तुम्हांआम्हांला वाटेल. कोंडाजीला वाटत नसे. काठाच्या वर तो आणखी धान्य चढवायचा, देवळाच्या कळसासारखं निमुळतं, आणि दाणे चहूबाजूंनी ओघळायला लागले की मगच हात आखडायचा. ती शीग. शीग शेवटी शेतकऱ्याच्या राशीतून जाते की व्यापाऱ्याच्या पोत्यात येते, हा चौकस प्रश्न बाजारात कुणी विचारत नसे. कोंडाजीचं म्हणणं एवढंच, की मापावर शीग असावी, उणं नसावं. उणं माप म्हणजे पाप, आणि ते मापाऱ्याच्या वंशाला फेडावं लागतं.

त्या वंशाचा तूर्तास एकच फेडणारा होता, तो म्हणजे हौशीराम.

हौशीराम तळेगावला शाळेत गेला आणि तिथे भलतंच निघालं. गणितात तो बेताचा, इंग्रजीत त्याहून बेताचा. पण पट्टी न लावता रेघ मारली तर पट्टीला लाज वाटावी अशी. चित्रकलेच्या दोन परीक्षा तो पास झाला. तिसरीची फी भरायची की बैलाला झूल करायची यावर घरात बोलणं झालं आणि बैलाचं नशीब चांगलं निघालं. पुढे दुसरी लढाई लागली, मुंबईच्या एका शेठजीनं लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीतला आपला हवा खायचा बंगला एका कारखान्याला भाड्यानं दिला, आणि सरळ रेघ मारणाऱ्या पोरांना बोलावणं आलं. हौशीराम ट्रेसर म्हणून लागला. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर मेणकापड पसरून शाईनं तीच रेघ गिरवणारा. दुसऱ्याची चूकसुद्धा सुबक गिरवायची, असं ते काम होतं.

बंगल्याच्या दिवाणखान्यात ड्रॉइंगची टेबलं मांडली होती. शेठजींच्या झोपाळ्याच्या कड्यांना आता दिवे टांगले होते. कारखाना खाली स्टेशनाजवळच्या गोदामात होता. तिथे लष्करासाठी लांबट लोखंडी पेट्या व्हायच्या. आत काय ठेवतात ते विचारायचं नाही असा हुकूम होता. विचारलं असतं तरी कुणाला माहीत नव्हतं.

नकाशाच्या खात्याचे मुख्य चिंतामणराव आगाशे. तळेगावचे, पुण्यात शिकलेले, तपकिरीचे शौकीन. प्रश्न विचारला की ते उलटा प्रश्न विचारायचे, त्यामुळे त्यांच्याकडून उत्तर घेऊन कुणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांनी एके सकाळी हौशीरामाला बोलावलं.

"हौशीराम, एक टेबल रिकामं होतंय. ड्राफ्ट्समनचं. बसशील?"

हौशीराम लगेच म्हणाला, "बसंन की साहेब."

"असा नाही बसणार. आधी एक नकाशा स्वतःच्या डोक्यानं काढायचा. पेटीचं झाकण. पेटीवर एका ओळीत सहा स्टड, म्हणजे लोखंडी दांडे, उभे आहेत, झाकणाला सहा भोकं. पेटी आपण इथे करणार, झाकणं मुंबईचा एक कारखाना करणार. त्यांनी आपली पेटी बघायची नाही, आपण त्यांचं झाकण बघायचं नाही. दोघांनी फक्त तुझा नकाशा बघायचा. झाकण हातोड्याशिवाय बसलं, तर टेबल तुझं. नाही बसलं तर..." आगाशांनी तपकीर ओढली. "ट्रेसिंगला आता नवी पोरं आलीत रे. तुझ्याहून लहान, तुझ्याहून स्वस्त."

म्हणजे नाही बसलं तर सोमाटणं. तिथे पायली त्याची वाटच बघत होती. कोंडाजीचे गुडघे धरले होते. रोज रात्री जेवताना तो म्हणायचा, "तुजं त्ये कागदाचं किती दीस? माप घे हातात. माप कुणाच्या बापाचं चाकर न्हाई." हौशीरामाला मापाचा राग नव्हता. पण बाजारात मांडी घालून बसलेला आपण आणि समोर तळेगावचे शाळासोबती भात घ्यायला आलेले, हे चित्र त्याला रेघारेघांसकट दिसायचं.

त्यानं नकाशा काढला. रेघा पाहून आगाशे खूश झाले. मग म्हणाले, "आता मापांना सूट दे."

"सूट? कुणाला साहेब?"

"कुणाला म्हणजे? मापाला."

हौशीरामाच्या माहितीत सूट दुकानदार देतो, तीही गिऱ्हाईक पायरी उतरायला लागल्यावर. मापाला सूट देणं त्यानं ऐकलं नव्हतं. 

"अरे, जगात कुठलंही माप तंतोतंत होतं का?" आगाशे म्हणाले. "तू चार इंच लिहिलंस. कारागीर थोडं जास्त करेल, थोडं कमी करेल. किती चालवून घ्यायचं ते आपण आधीच लिहून द्यायचं. थाऊमध्ये. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग."

"म्हंजी चुकायची परवानगी?"

"बरोबर."

"लेखी?"

"लेखी."

शाळेत बेरीज चुकली म्हणून हौशीरामानं हातावर छड्या खाल्ल्या होत्या. इथे चूक व्हायच्या आधीच माफीचा कागद करून ठेवायचा होता. त्याला कारखानदारीबद्दल एकदम आदर वाटला.

तो टेबलाशी बसला आणि विचार करता करता त्याला उलगडा झाला. मापाच्या वर थोडं जास्त चाललं पाहिजे. म्हणजे शीग! एवढंच ना? मग त्यात अवघड काय? पहिलं भोक कडेपासून दोन इंचांवर. त्याला शीग पंधरा थाऊ. पहिल्या भोकापासून दुसरं चार इंचांवर. शीग पंधरा थाऊ. दुसऱ्यापासून तिसरं, शीग पंधरा. एकामागून एक माप, प्रत्येकावर शीग, बाप बाजारात करत आला तसंच. प्रत्येक आकड्यापुढे अधिकाचं चिन्ह आलं. त्याच्या खाली उण्याचं चिन्ह काढायची जागा होती. तिथे आला की त्याची निब थांबायची, शाई वाळायची, आणि तो पुढच्या मापाकडे जायचा.

आगाशे त्या दिवशी पुण्याला गेले होते. निळ्या छापाची एक प्रत गोदामात गेली, एक मुंबईला.

झाकण आलं तेव्हा हौशीराम स्वतः खाली उतरला. नथू फिटर पेटीजवळ उभा होता. नथू घोरावाडीकडचा, दंडानं आडदांड आणि जिभेनं त्याहून. त्यानं झाकण पेटीवर धरलं. पहिला स्टड भोकातून वर आला. दुसरा आला. तिसरा आला खरा, पण कुरकुरत. चौथा आलाच नाही. सहाव्या भोकातून बघितलं तर स्टडची नुसती चंद्रकोर दिसत होती.

"भाऊसाहेब," नथू म्हणाला, "ह्ये झाकण ह्याच पेटीचं हाय का सासरी आलंय?"

"माप चुकलं असंल मुंबईवाल्यांचं," हौशीराम म्हणाला.

मापं घेतली. मुंबईवाल्यांनी प्रत्येक अंतर चार इंच आणि वर पंधरा थाऊ केलं होतं. नकाशात लिहिलं होतं तेवढं, एक थाऊसुद्धा जास्त नाही. इथल्या गोदामात अंतर बरोबर चार इंच केलं होतं. नकाशात तेही चालत होतं. भोकांची रुंदी बरोबर, स्टडची जाडी बरोबर. सगळ्यांचं सगळं बरोबर होतं आणि झाकण बसत नव्हतं.

"मग चुकलं कोण?" हौशीरामानं विचारलं.

"माज्याकडं बगू नका. मी न्हाई चुकलो," नथू म्हणाला. "पर काळजी करू न्हका. गोल कानस मारतो, दोन हातोडे देतो, बसतंय का न्हाई बगा."

"कानस मारायची असती तर नकाशा कशाला काढला?" मागून आगाशांचा आवाज आला. "शंभर झाकणं आणि शंभर पेट्या कुठे कुठे जाणार. कुठलंही झाकण कुठल्याही पेटीवर बसलं पाहिजे. तिकडे नथू असणार आहे का?"

"पाठवा की," नथू म्हणाला. "लढाई तरी बगून यीन."

आगाशे हसले नाहीत. हौशीरामाला बंगल्यावर बोलावून त्यांनी नकाशा पुढे टाकला. "हे काय केलंस? भोकापासून भोक, त्याच्यापासून पुढचं भोक. पंधराची चूक पाच वेळा चढत गेली, पंच्याहत्तर झाली. अर्ध्या सुताहून, म्हणजे इंचाच्या सोळाव्या हिश्शाहून जास्त!"

"पर साहेब, प्रत्येक माप सुटीत हाय."

"प्रत्येक माप आहे. भोक आहे का जागेवर?"

हौशीरामाला यातलं 'जागेवर' समजेना. माप बरोबर असलं की वस्तू जागेवर असणारच, अशी त्याची समजूत होती. दोन्ही वेगळं असू शकतं हे ऐकून त्याच्या डोक्यात पहिली गाठ पडली.

"ऐक," आगाशे म्हणाले. "एक कड धरायची. पक्की. तिला म्हणायचं डेटम. सगळी भोकं त्या कडेपासून मोजायची, एकमेकांपासून नाही. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. आणि सूट दोन्हीकडे द्यायची. अधिक पाच थाऊ, उणे पाच थाऊ. भोकाचा मध्य खऱ्या जागेभोवती एवढ्याशा वर्तुळात कुठेही असला तरी चालेल, असं समज."

"कुटंबी?"

"वर्तुळाच्या आत कुठेही."

"मग मी जागा कशापायी सांगतोय?"

आगाशांनी डोळे मिटले. तपकिरीची डबी उघडली, बंद केली. "तुमच्याकडे बैल आहे ना? खुंटीला बांधल्यावर तो कुठे चरतो?"

"दावं पुरंल तितं."

"झालं! खुंटी म्हणजे भोकाची खरी जागा. दावं म्हणजे सूट. बैल त्या गोलात कुठेही चरला तरी आपल्याच रानात."

हौशीरामानं विचार केला. "पर साहेब, आमचा बैल दावं ताणून शेजारच्याच्या हरभऱ्यात तोंड घालतो."

"म्हणून तर दावं मोजून बांधायचं!"

"आन् खुंटीच उपटली तर?"

"हौशीराम," आगाशे शांतपणे म्हणाले, "मला उद्या संध्याकाळच्या गाडीनं नवा छाप मुंबईला धाडायचा आहे. या वेळी बसलं नाही, तर तुला कायमचं मोकळं रान. खुंटी नाही, दावं नाही. कळलं?"

हे मात्र त्याला स्वच्छ कळलं.

घरी तो जेवायला बसला तो अर्ध्या भाकरीवर थांबला. आई सरुबाई म्हणाली, "काय झालं रं? सायबानं काढलं का काय?"

"न्हाई अजून." मग तो बापाकडे वळला. "आबा, इचारू का? मापात थोडं उणं चालंल असं लिहून द्यायचं म्हनलं तर?"

कोंडाजीचा घास हातातच राहिला. "कुनी लिहायचं?"

"मी."

"मापाऱ्याच्या पोरानं?"

"थोडंच आबा. आदिक बी लिहायचं, उणं बी लिहायचं. दोन्ही संगंच."

"एका हातानं शीग द्याची आन् दुसऱ्या हातानं काडून घ्याची, व्हय?" कोंडाजी म्हणाला. "आरं, त्याला बाजारात काय म्हनत्यात ठावं हाय का? त्यापरीस पायलीच्या बुडाला मेण लावून आतून माप चोरत बस की. आत मेण, वर शीग. गिऱ्हाईक बी खूश आन् धनी बी खूश!"

"आवो, पोराला जेवू तरी द्या," सरुबाई म्हणाली.

"जेवू दे. पर माज्या जित्तेपणी ह्या घरातल्या हातानं मापाम्होरं उणं लिहायचं न्हाई. सांगून ठिवतो."

हौशीराम अंथरुणावर पडला आणि आढ्याकडे बघत राहिला. उणं लिहिलं तर घरी पाप, नाही लिहिलं तर टेबल गेलं. आणि टेबल गेलं की पायली हातात येणार, म्हणजे ज्या हातानं पाप करायचं नाही त्याच हातात. बैल, खुंटी, कड, शीग, चंद्रकोर हे सगळं त्याच्या डोक्यात फिरायला लागलं. मधेच त्याला आगाशे बैलाच्या पाठीवर बसून तपकीर ओढताना दिसले, तेव्हा झोप लागली असावी.

सकाळी तळेगावला गाडीत बसताना त्याच्या मनात बापाचं एकच वाक्य घुमत होतं. आत मेण, वर शीग. कामशेत गेलं, मळवली गेलं, आणि लोणावळ्याच्या फलाटावर उतरता उतरता तो मधेच उभा राहिला. मागून उतरणारी एक बाई त्याच्यावर आपटली आणि त्याच्या सात पिढ्यांचा उल्लेख करून पुढे गेली. त्याला ऐकू आलं नाही.

दुसरं भोक कडेपासून सहा इंच, अधिक पाच, उणे पाच. म्हणजे भोक कुठे चालेल? पाच इंच नऊशे पंच्याण्णव थाऊपासून सहा इंच पाच थाऊपर्यंत. मग सहा लिहायचंच कशाला? सरळ 'पाच इंच नऊशे पंच्याण्णव' लिहावं आणि वर दहा थाऊ शीग द्यावी! जागा तीच, दावं तेवढंच. उण्याचं नाव नाही. पायलीच्या बुडाला मेण लावूनच सुरुवात करायची.

यात आपण पाप चुकवलं की पाप केलं, हे काही त्याला ठरवता येईना. पण गाडी संध्याकाळची होती.

तो टेबलाला भिडला. सगळी मापं एका कडेपासून घेतली. अधिक दहा सगळ्यांना. खालच्या ओळीत रिवाजाप्रमाणे 'उणे शून्य' लिहायला हवं होतं. पण शून्याचं उणं लिहायचं झालं तरी उण्याचं चिन्ह काढावं लागतंच. म्हणून त्यानं खालची जागा कोरीच ठेवली. राहिली ती कड. आगाशांनी तिचं नाव सांगितलं होतं, पण डेटम की डाटम, आणि त्याचं स्पेलिंग काय, हे विचारायला जायची त्याची छाती झाली नाही. मोजणी जिथून सुरू होते ती जागा. कुणी मधे बोललं की पुन्हा जिथं जायचं ती जागा. त्यानं कडेजवळ एक बाण काढला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: लाभ.

आगाशांनी नकाशा हातात घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "पाच नऊशे पंच्याण्णव? नऊ नऊशे पंच्याण्णव? अरे, असले आकडे माणसानं काढलेत की कोर्टानं?"

"साहेब, वर दहा दिलंय."

"ते दिसतंय. उणे कुठे आहे?"

"लागत न्हाई साहेब."

आगाशांनी पेन्सिल घेतली, कोपऱ्यात बेरीज केली, वजाबाकी केली, पुन्हा बेरीज केली. हिशोब चुकलेला निघेना. त्यांना राग आला होता, पण कशाचा ते सापडत नव्हतं. "सरळ रस्ता सोडून बांधावरून का चाललास?"

 बापाचं नाव सांगावं की न सांगावं, हे हौशीरामाला कळेना. तेवढ्यात बाहेरून छापवाला ओरडला, गाडीची वेळ झाली. आगाशांनी घाईत सही केली. कडेजवळचं ते बारीक अक्षर त्यांच्या नजरेतून सुटलं.

पुढचे दिवस हौशीराम ट्रेसिंग करत बसला; पण त्याच्या रेघा वाकायला लागल्या. नवी पोरं त्याच्या टेबलाकडे बघून आपसांत हसत. एकानं विचारलंसुद्धा, "मुऱ्हे, तुमची ती बसायची गादी न्यायची आहे का ठेवणार?"

मुंबईहून झाकणांचं खोकं आलं. नथूनं गवत बाजूला करून वरचं झाकण उचललं आणि तो थबकला.

"भाऊसाहेब, ह्याला कुंकू लावलंय."

खरंच लावलं होतं. झाकणाच्या एका कडेला, बरोबर मधोमध, हळदीकुंकवाचं बोट होतं. दुसरं झाकण काढलं, त्यालाही होतं. सगळ्यांना होतं. आगाशे खाली आले, त्यांनी चष्मा पुसला. झाकणांबरोबर आलेल्या कारकुनाला त्यांनी विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

कारकून गुजराती वळणाचं मराठी बोलत होता. "साहेब, तुमच्याच नकाशात लिहिलेला ना? लाभ. आमचा शेठ बोलला, मिलिटरीचा काम आहे पण माणूस धर्माचा दिसते. लाभवाली बाजूला कोणी पाय लावायचा नाही, हातोडा मारायचा नाही, घासायचा नाही. पहिला ती बाजू साफ केली, तिची पूजा केली, मग तिच्याच पासून सगळा मापला."

आगाशांनी हौशीरामाकडे पाहिलं. हौशीरामानं पेटीकडे पाहिलं. नथूनं झाकण उचलून स्टडवर धरलं, आणि सोडलं.

ठप्प असा एकच आवाज झाला. सहाच्या सहा स्टड एकदम वर आले. नथूनं सवयीनं हातोड्याला हात घातला होता. तो तसाच हातोड्याकडे बघत राहिला, जत्रेत पाहुणा आलाच नाही म्हणून वाढलेलं ताट बघावं तसा.

"दुसरं," आगाशे म्हणाले.

दुसरं बसलं. मग झाकणं उलटपालट करून, या पेटीचं त्या पेटीवर, शेवटचं पहिल्यावर, सगळी बसली.

"लाभ," आगाशे पुटपुटले. "डेटमला लाभ लिहिलंस तू?"

"स्पेलिंग येत नव्हतं साहेब."

"आणि त्यांनी पूजा केली." आगाशांनी तपकीर ओढली, शिंकले, आणि पहिल्यांदा हसले. "लेका, मी सरळ डेटम लिहिलं असतं तर त्यांनी त्याच कडेवर हातोडा ठोकला असता. जा, बस त्या टेबलावर."

हौशीरामाला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही.  पण झाकण बसलं ते मापामुळे, मेणामुळे की कुंकवामुळे, हे त्याला कुणी सांगत नव्हतं. त्यानं धीर करून विचारलं, "साहेब, मग आता मला समजलं का ह्ये?"

"तुला काय वाटतं?" आगाशे म्हणाले, आणि जिना चढता चढता वळून म्हणाले, "उद्या पुढचं सांगतो. भोक जेवढं मोठं पडेल, तेवढं दावं आपोआप लांब होतं."

"आपोआप?"

"आपोआप."

हौशीराम रात्री घरी गेला तेव्हा बैल गोठ्यात रवंथ करत होता. तो बराच वेळ त्याच्या दाव्याकडे बघत उभा राहिला.

टेबल मिळाल्याचं ऐकून सरुबाईनं देवापुढे साखर ठेवली.  पुढच्या बाजाराला कोंडाजी म्हणाला, "सुटी हाय ना तुला? चल संगं. डोळ्यानं बगून घे, मग तुजा कागद हाय आन् तू हायस."

बाजारात भाताची रास पडली होती. कोंडाजी गुडघे धरत खाली बसला, पायली पुसली, आणि राशीत घालता घालता हलक्या आवाजात म्हणाला, "उणं लिवलंस का रं?"

"न्हाई आबा. देवाशपथ न्हाई."

कोंडाजीचा चेहरा सैल झाला. "मग काय लिवलंस?"

"शीग."

"शाब्बास! किती?"

"धा थाऊ."

"थाऊ म्हंजी?"

हौशीरामानं राशीतला एक दाणा उचलला, नखानं त्याचं टरफल सोललं आणि ते बापाच्या तळहातावर ठेवलं. "ह्ये तूस हाय ना, त्याच्या जाडीपरीस थोडी जास्त. एवढी."

कोंडाजीनं तूस डोळ्यांजवळ नेलं. मग त्याला हसू फुटलं, गुडघे धरून तो हलायला लागला. "एवढीशी? आरं, तुजा हात हाय का चिमटा! मापाऱ्याचा पोरगा आन् तुसाची शीग! लय आखडलास की रं. बाजारात सांगू नगंस कुनाला."

"पर आबा," हौशीराम म्हणाला. बुडाला लावलेलं मेण त्याच्या जिभेवर आलं होतं. "त्याच्या आदी मी माप थोडंसं..."

पण कोंडाजीनं पायली उचलली होती. शीग चढली, दाणे ओघळले, पोत्याचं तोंड उघडलं आणि बाजारभर आवाज गेला,

"लाऽभ!"

आणि मोजणी सुरू झाल्यावर मधे बोलायची त्या घरात पद्धत नव्हती.